झालरवाला सरडा पाळायचाय? आधी एक पावसाळा काढा

मोबाईलवरच्या व्हिडिओंत झालरवाला सरडा बहुतेक वेळा एकाच अवतारात दिसतो. तोंड वासलेलं, मानेभोवतीची केशरी-तांबूस झालर फुललेली, अंग पुढे झुकलेलं. मग तो दोन पायांवर उभा राहून पळत सुटतो आणि बघणारा त्याच्यावर फिदा होतो. १९९३च्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये एका डायनासोरला अशीच झालर चिकटवली होती, तीही याच्यावरूनच सुचलेली. त्याआधी १९८४मध्ये जपानमध्ये मित्सुबिशीच्या मोटारीच्या जाहिरातीत हा सरडा पळाला आणि तो देश त्याच्यामागे वेडा झाला. आता ही हौस आपल्याकडेही पोचली आहे. बेळगावजवळच्या उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे या पट्ट्यात मासे आणि लव्हबर्ड पाळणारी पोरं पुष्कळ आहेत. त्यातलं एखादं ‘काहीतरी वेगळं’ शोधत इग्वाना, बिअर्डेड ड्रॅगन असं करत शेवटी या सरड्यापाशी येतं.

त्या पोरांसाठी आणि वीजबिल भरणाऱ्या त्यांच्या आईबापांसाठी हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती पटली नाही तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही. तो सरडा झालर फुलवतो ती बहुतेक वेळा घाबरल्यावर. जिभेखालच्या हाडाला जोडलेल्या कूर्चेच्या लांब काड्या मानेच्या कातडीत शिरलेल्या असतात. तोंड वासलं की त्या ताणल्या जातात आणि २५-३० सेंटिमीटर व्यासाची झालर उघडते. समोरच्याला आपण मोठे वाटावं एवढाच त्यामागचा हेतू. नर एकमेकांशी भांडताना आणि मादीपुढे मिरवतानाही ती उघडतात, पण घरात एकटा ठेवलेला सरडा ती उघडेल तेव्हा समजायचं की तुम्ही त्याला भेडसावलंय. चांगला सांभाळलेला, माणसाळलेला झालरवाला सरडा दिवसचे दिवस फांदीला चिकटून बसतो आणि झालर मिटलेल्या छत्रीसारखी खांद्यावर पडलेली असते. पाहुण्यांना झालर दाखवायला बोटानं डिवचणारा माणूस त्याचा जीव कुरतडत असतो. सतत भेदरलेला सरडा खाणं सोडतो, मग आजारी पडतो. फांदीवर निवांत बसलेला प्राणी पाहण्यात तुम्हाला गोडी वाटत असेल तरच पुढे चला.

हा सरडा मूळचा उत्तर ऑस्ट्रेलियाचा आणि न्यू गिनीच्या दक्षिण भागातला. १८२०मध्ये ॲलन कनिंगहॅम या वनस्पतिशास्त्रज्ञानं ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर त्याचा नमुना मिळवला आणि १८२५मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यानं त्याचं वर्णन केलं. त्या सफरीचा कप्तान फिलिप पार्कर किंग, त्याच्यावरून शास्त्रीय नाव पडलं ‘क्लॅमिडोसॉरस किंगी’. हे नाव लक्षात ठेवा, पुढे कागदपत्रांत लागेल. ऑस्ट्रेलियाच्या जुन्या दोन सेंटच्या नाण्यावरही हाच सरडा होता. पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट ८५-९० सेंटिमीटरपर्यंत जातो. त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश शेपटी असली, तरी ती मावेल एवढी जागा द्यावीच लागते. नीट सांभाळला तर तो दहा-पंधरा वर्षं जगतो. म्हणजे आज आठवीत असलेल्या मुलानं आणलेला सरडा त्याच्या लग्नातही हजर असू शकतो. मधल्या काळात मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला तर रातकिडे कोण घालणार, हे घरात आधी बोलून घ्यावं.

आता मुख्य मुद्दा, हवामान. ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर या सरड्याच्या मुलुखात येतं. तिथे वर्षाला सुमारे १७०० मिलिमीटर पाऊस पडतो, बेळगावात सुमारे १३००. आकडे बघून माणूस म्हणतो, झालं की, आपल्याकडची हवा मानवणार. फसगत होते ती इथेच. डार्विनमध्ये पावसाळा उकाडा घेऊन येतो. भर पावसाळ्यात तिथे दिवसा ३२ अंशांच्या आसपास आणि रात्री २५. सरड्याचे खाण्यापिण्याचे, वाढीचे, अंडी घालण्याचे दिवस तेच. कोरड्या ऋतूत तो मंदावतो, कमी खातो, झाडावर उंच गप्प बसतो. आपल्याकडे उलटं आहे. पाऊस लागला की मच्छेत गारठा येतो. जुलैत दिवसाचं तापमान कसंबसं २५ अंशांवर जातं, रात्री २०च्या खाली-वर असतं, ऊन आठवडाभर दिसत नाही, भिंतींना ओल येते आणि कपडे वाळत नाहीत. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते याच हवेमुळे, आणि हीच हवा या सरड्याला सोसत नाही.

सरड्याचं अन्न पचतं ते बाहेरून मिळालेल्या उष्णतेवर. २२ अंशांवर पोटात गेलेले रातकिडे तसेच पडून राहतात आणि सडू लागतात. आपल्याकडे परदेशी सरडे उन्हाळ्यात आणले जातात, मे अखेरपर्यंत झकास खातात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ‘एकाएकी’ मरतात. एकाएकी काही नसतं. पेटीतला दिवा कमी पडत असतो, वीज जात असते, आणि मालक काळजीपोटी जास्त खायला घालत असतो.

म्हणून सल्ला असा की सरड्याच्या आधी पेटी आणा आणि जून ते सप्टेंबर ती रिकामी चालवा. आत दोन डिजिटल थर्मामीटर आणि एक हायग्रोमीटर ठेवा. सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री अकराचे आकडे वहीत लिहा. दिव्याखाली ४० ते ४५ अंश, मधल्या भागात २८ ते ३२, गार कोपऱ्यात २५च्या आसपास आणि रात्री २०च्या खाली नाही, असं चारही महिने टिकलं तर तुम्ही तयार आहात. ऑगस्टच्या मध्यावर कंटाळा येऊन वही बंद पडली, तरी हरकत नाही. निदान जिवंत प्राण्यावर हा प्रयोग झाला नाही.

पेटी कशी असावी? हा झाडावरचा सरडा आहे, जमिनीवर तो थोडाच वेळ उतरतो. त्यामुळे माशांची आडवी काचटाकी कामाची नाही. एका मोठ्या सरड्याला ४ फूट लांब, २ ते अडीच फूट खोल आणि ५-६ फूट उंच जागा लागते. अशी पेटी बाजारात तयार शोधत बसू नका. आपल्याकडे उद्यमबागेत आणि मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत वर्कशॉप आहेत, सुतारही आहेत. ॲल्युमिनियमची चौकट, पीव्हीसी शीट किंवा पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भिंती, पुढे सरकत्या काचा, वरती आणि एका बाजूला बारीक स्टेनलेस जाळी, एवढं सांगितलं की कोणीही करून देईल. साधा प्लाय पहिल्याच पावसाळ्यात फुगतो. पेटीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या भिंती अपारदर्शक ठेवा. चारी बाजूंनी काच असली की सरडा दिवसभर नाक घासत बसतो आणि तोंडाला जखमा होतात. एका पेटीत दोन नर कधीच नकोत.

आत फांद्या हव्यात, सरड्याच्या अंगाएवढ्या जाड, आडव्या आणि तिरक्या. पेरूच्या फांद्या सगळ्यात चांगल्या, आंबा-जांभूळही चालतील. कण्हेर, रुई, शेर यांच्या फांद्या नकोत, त्यांचा चीक विषारी असतो. फवारणी झालेल्या बागेतलं लाकूड टाळा. तळाला लाल माती, धुतलेली वाळू आणि कोकोपीट यांचं मिश्रण चार-पाच इंच घाला.

आता दोन दिव्यांची गोष्ट. पहिला दिवा उष्णतेचा. साधा हॅलोजन स्पॉट, पेटीच्या वरच्या कोपऱ्यात, खाली शेकायला एक फांदी. दिव्याला जाळीचं संरक्षण हवंच, नाहीतर सरडा उडी मारून त्याला चिकटतो आणि भाजतो. दुसरी ट्यूब यूव्हीबीची आणि ती लावण्यात लोक हमखास काटकसर करतात. “आमच्या खिडकीत भरपूर ऊन येतं” असं ते सांगतात. खिडकीची काच यूव्हीबी किरण अडवते, त्यामुळे काचेतून आलेल्या उन्हानं सरडा गरम होतो पण त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जात नाही. मग जबडा मऊ पडतो, पाय वाकडे होतात, पाठीला कुबड येतं, आणि शेवटी सरड्याला फांदी धरता येत नाही. वाकडं झालेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. टी-५ प्रकारची, १० ते १२ टक्के यूव्हीबीची सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची ट्यूबच घ्या. शेकायच्या फांदीपासून ती फूट-दीड फुटावर बसवा आणि वर्षातून एकदा बदला. ट्यूबचा उजेड पुढेही दिसत राहतो, पण त्यातले उपयोगाचे किरण तोवर बरेच घटलेले असतात. दोन्ही दिवे रोज बारा तास, टायमरवर. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री १३-१४ अंशांपर्यंत गारठा येतो, तेव्हा रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅट लावून चालवा. दगडासारखे दिसणारे ‘हीट रॉक’ मिळतात, ते घेऊ नका, त्यांनी पोट भाजतं.

फेब्रुवारी ते मे सकाळच्या उन्हात जाळीच्या पिंजऱ्यात सरड्याला अंगणात ठेवता आलं तर त्यासारखं दुसरं काही नाही. पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत हवा, आणि तुम्ही तिथून हलायचं नाही. मांजर, मुंगूस, भारद्वाज, कावळा, सगळे टपलेले असतात. काचेची पेटी मात्र उन्हात एक क्षणही ठेवू नका. एप्रिलच्या उन्हात ती दहा मिनिटांत जीव घेते.

विजेचा हिशेब सांगतो, कारण यावरून घराघरांत वाद होतात. १०० वॉटचा स्पॉट बारा तास म्हणजे १.२ युनिट. ५४ वॉटची ट्यूब बारा तास म्हणजे साधारण ०.६५. रात्रीचा हीटर थांबून-थांबून चालतो, त्याचं अर्धं युनिट धरा. सगळं मिळून महिन्याला ६० ते ७० युनिट. गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत तुमचं बिल शून्य येत असेल तर ते तुमच्या आधीच्या सरासरी वापरावर बेतलेलं आहे. सरड्याचा वाढीव वापर त्यावर चढतो आणि त्याचे पैसे भरावे लागतात. एकूण वापर २०० युनिटांच्या वर गेला तर त्या महिन्याचं अख्खं बिल येतं. शिवाय पहिल्या वळवाला वीज जाते ती कधी तासाभरासाठी, कधी रात्रभर. घरच्या इन्व्हर्टरवर हॅलोजन फार वेळ ओढत नाही. त्यापेक्षा तेवढ्या वेळात रबरी पिशवीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवणं आणि जाळीवर जाड चादर टाकणं जास्त उपयोगी. वीज गेलेल्या दिवशी खायला घालायचं नाही, एवढं पक्कं.

पाण्याबद्दल इथे उलटा नियम पाळावा लागतो. परदेशी पुस्तकांत रोज दोनदा फवारा मारा असं असतं. आपण मार्च ते मे तो मारायचा. हवा कोरडी असते, आणि हा सरडा वाटीतलं साचलेलं पाणी बऱ्याचदा ओळखतच नाही, पानांवरचे आणि स्वतःच्या नाकावरचे थेंब चाटतो. पावसाळ्यात मात्र आर्द्रता नव्वदीच्या वर असते, तेव्हा पेटीभर फवारा मारणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. त्या दिवसांत ड्रॉपरनं नाकाजवळ थेंब-थेंब पाणी द्या, आणि पेटीत संगणकातला छोटा पंखा बसवून हवा खेळती ठेवा. आर्द्रता ५५ ते ७०च्या दरम्यान राहिली की कात नीट निघते. झालरीच्या कडेला आणि बोटांवर जुनी कात अडकून राहते. ती ओढायची नाही, कोमट पाण्यानं भिजवायची.

खाणं म्हणजे किडे. घरीच पाळलेले रातकिडे आणि डुबिया झुरळं हा रोजचा आहार, मीलवर्म कधीतरी. पिल्लांना रोज, मोठ्याला आठवड्यातून तीन-चार वेळा. किड्याचा आकार सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, शेवग्याचा पाला, कोंडा खाऊ घाला, तेच पुढे सरड्याच्या अंगी लागतं. देताना किडे कॅल्शियमच्या पावडरीत घोळवा आणि आठवड्यातून एकदा ड-३ असलेली पावडर वापरा. पावडर संपली तर पक्षीवाले वापरतात तो समुद्रफेस बारीक कुटून वेळ मारून नेता येते. पण “कॅल्शियमच की” म्हणून पानाचा चुना लावणारे महाभाग आहेत. चुना तोंड आणि आतडी भाजतो. उरलेले रातकिडे रात्री काढून घ्या, ते झोपलेल्या सरड्याला चावतात. आणि मुंग्या! मेलेल्या किड्याच्या वासावर त्या रांगेनं येतात. आजी जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची, तोच उपाय पेटीच्या स्टँडला करा.

शेतातून धरलेले नाकतोडे फुकट मिळतात म्हणून घालू नका. आपल्या भागात भाजीपाला आणि भातावर काय काय फवारलं जातं हे तुम्हाला माहीत आहे. घरातली पाल पकडून देणं त्याहून वाईट, तिच्या पोटातले जंत सरड्याच्या पोटात जातात. आणि मे अखेरीस, जूनच्या सुरुवातीस खानापूरच्या बाजूला झाडं काजव्यांनी भरतात, तेव्हा एकही काजवा पेटीत जाता कामा नये. अमेरिकेत काजवे खाऊन पाळीव बिअर्डेड ड्रॅगन तासा-दोन तासांत मेल्याच्या नोंदी आहेत. काजव्यांच्या काही जातींत हृदय बंद पाडणारं विष असतं. इथल्या कुठल्या काजव्यात ते किती, याची परीक्षा आपल्या सरड्यावर घ्यायची गरज नाही.

खरेदी आणि कायदा. ऑस्ट्रेलिया आपले रानटी प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे बाजारात येणारे झालरवाले सरडे एकतर पिंजऱ्यात जन्मलेले असतात किंवा इंडोनेशियाच्या ताब्यातल्या न्यू गिनीच्या जंगलातून पकडलेले. जंगलातला सरडा स्वस्त पडतो आणि लवकर मरतो, त्याच्या पोटात जंत असतात आणि माणसाची धास्ती जात नाही. तुटलेलं शेपटाचं टोक, घासलेलं नाक, फाटून बरी झालेली झालर, खोल गेलेले डोळे, शेपटीच्या मुळाशी वर आलेली हाडं ही त्याची खूण. विक्रेत्यानं तुमच्यासमोर किडे खाऊ घालून दाखवावेत. तो “आत्ताच खाल्लंय” म्हणाला तर दुसऱ्या दिवशी परत जा.

“एक्झॉटिक आहे, याला कागद लागत नाही” हे वाक्य ऐकलं की दुकानातून उठा. परदेशातून जिवंत प्राणी आणायला आयात परवाना आणि क्वारंटाईन तपासणी लागते. बँकॉकहून बॅगेत कोंबून आणलेले सरडे आणि साप मुंबई, चेन्नई, बेंगळुरूच्या विमानतळांवर कस्टम्स वारंवार पकडतं, आणि न पकडलेले पुढे दुकानांत येतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार आंतरराष्ट्रीय ‘साईट्स’ कराराच्या परिशिष्टांतले प्राणी बाळगणाऱ्यांनी नोंदणी करायची आहे. त्याचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आले. नोंदणी ‘परिवेश’ पोर्टलवर होते, आणि नवा प्राणी आला की तीस दिवसांत करायची. परिशिष्टांच्या याद्या बदलत राहतात. म्हणून खरेदीच्या आठवड्यात ‘क्लॅमिडोसॉरस किंगी’ हे नाव ताज्या यादीत तपासा आणि त्याची प्रिंट बिलासोबत ठेवा. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे निपाणीचा नाका ओलांडून कोल्हापुरात खरेदी केली तरी नियम तेच. नोंदणीचा अर्ज मात्र तुम्ही राहता त्या राज्याच्या मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे जातो, म्हणजे मच्छेकरांचा कर्नाटकात. दुकानाची नोंदणीही विचारा, २०१८च्या पेट शॉप नियमांनुसार ती सक्तीची आहे. पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल येतं, ते मागवू नका. स्वतः जा, कापडी पिशवीत आणि थर्मोकोलच्या डब्यात घालून गाडीत सोबत आणा.

आणायचा महिना ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी. पहिले पंधरा दिवस त्याला हात लावू नका, पेटीवर एक कापड अर्धं टाकून ठेवा. हाताळल्यावर साबणानं हात धुवा. सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, म्हणून पेटीची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत घासायची नाहीत आणि घरात रांगतं बाळ असेल तर बेत पुढे ढकला. डॉक्टरही आधीच शोधा. आपल्याकडचे पशुवैद्य म्हशी आणि कुत्र्यांत तरबेज, पण सरड्याला कोणतं इंजेक्शन किती द्यायचं हे सांगणारा गावात मिळेलच असं नाही. फोनवर सल्ला देणारा पुण्या-बेंगळुरूचा एखादा डॉक्टर आणि त्याच्या सल्ल्यानं उपचार करायला तयार असलेला जवळचा पशुवैद्य अशी जोडी जमवून ठेवा.

नको झाला तर? खानापूरच्या जंगलात सोडायचा नाही. तिथे भीमगड अभयारण्य आहे, आणि बाहेरून आलेल्या प्राण्याचे जंत आणि रोग तिथल्या सरड्यांना लागू शकतात. लोकांनी सोडलेली लाल कानांची अमेरिकन कासवं आपल्या शहरांच्या तळ्यांत कशी बसली आहेत ते बघतोच आपण. दुसरा अनुभवी पाळणारा शोधा आणि नोंदणी असेल तर ती त्याच्या नावावर करा.

हे सगळं वाचून जीव दडपला असेल तर एक फुकटचा पर्याय आहे. गळ्याखाली पंखा फुलवणारे सरडे आपल्याच माळांवर आहेत. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकच्या पठारांवर राहणाऱ्या या सरड्यांसाठी २०१६मध्ये शास्त्रज्ञांनी ‘सरडा’ नावाचीच नवी प्रजाती मांडली. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा ‘सरडा सुपर्बा’ त्यातलाच. नराचा गळा निळा, काळा, केशरी, आणि उन्हात दगडावर चढून तो दिवसभर फुलवत असतो, त्याला डिवचावं लागत नाही. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले आणि या सरड्यांची संख्या वाढली, असं २०१८मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं.

हे सरडे बघायला मार्च ते मे हे महिने. बेळगावहून निपाणीकडे जाताना पाऊस कमी होत जातो, तिकडचे उघडे, खडकाळ माळ धरा. सकाळी ऊन तापू लागलं की जा. उंच दगडाकडे तोंड करून दहा-बारा पावलांवर खाली बसा, सावली दगडावर पडू देऊ नका. दुर्बीण असेल तर उत्तम. पकडू नका, डब्यात घालून घरी आणू नका. आपल्याकडचा रानटी प्राणी पाळायला वन्यजीव कायद्याची परवानगी नाही, घोरपडीचं पिल्लू उचललं तर थेट पहिल्या अनुसूचीचा गुन्हा.